धाप, सीओपीडी आणि छातीवरची किनेसिओ टेप: कुणाला अनुभव आहे का?

ओंजळ

मंडळी, आईसाठी हा धागा काढते आहे. लांबलचक होईल, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आई ६८ वर्षांची. सगळं आयुष्य कऱ्हाडजवळच्या गावात गेलं. विडी-सिगारेट लांबच राहिली, आजूबाजूच्या बायका मिश्री लावायच्या तीही तिने कधी लावली नाही. पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसली. पाचट, गोवऱ्या, पावसाळ्यात ओली बाभूळ. स्वयंपाकघराला हातभर झरोका. हात पिठाचे म्हणून धुराने आलेलं डोळ्यांतलं पाणी ती खांद्याला पुसायची, हे माझ्या लहानपणचं पक्कं चित्र आहे.

खोकला सुरू झाला तेव्हा सगळ्यांनी दमा म्हटलं. दहा-बारा वर्षं खोकल्याची बाटली आणि अधूनमधून इंजेक्शन यावर गेली. फुंकायची टेस्ट करून घ्या, असं एवढ्या वर्षांत एकानेही सांगितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. दोन वर्षांपूर्वी तिला पुण्याला आणलं तेव्हा पहिल्यांदा ती फुंकायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री, झाली आणि सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार) हा शब्द घरात आला. एफईव्ही-वन, म्हणजे जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, अपेक्षित आकड्याच्या ४४ टक्के. आता रोजचे दोन पंप चालू आहेत, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी झाल्यात. तरीही आंघोळ करून साडी नेसेपर्यंत दोनदा बसावं लागतं. धाप लागली की म्हणते, "हवा आत जाती गं, पर भाईर निघंना. उरात साठून ऱ्हाती."

गेल्या महिन्यात फिजिओथेरपी सुरू केली. तिसऱ्या खेपेला फिजिओने विचारून तिच्या छातीवर निळी किनेसिओ टेप लावली. खेळाडूंच्या गुडघ्यावर दिसते ती. आई पलंगाच्या कडेला पदर पुढे घेऊन बसली होती. त्यांनी आधी बोटांनी शेवटची फासळी चाचपली, तिच्या कडेने टेप मोजून कापली, चारही कोपरे कात्रीने गोल केले. मग टोकाचा कागद काढून ते टोक ताण न देता चिकटवलं, मधला भाग किंचित ओढत फासळीच्या कडेने नेला आणि वरून तळहाताने चोळला. दोन पट्ट्या पुढून, दोन मानेपासून खांद्याकडे. आई जरा वेळाने म्हणाली, "कुणीतरी धरल्यागत वाटतंय."

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन खाली गेटपर्यंत जाऊन आली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

मला आनंद झालाच, पण खरंच टेपने काही होतं की मनाला उभारी आली? किती दिवस ठेवायची? आम्ही घरी लावली तर चालेल का? तिची कातडी आता फार नाजूक झालीये, त्याचं काय? जाणकारांनी आणि ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी लिहावं.

फिजिओताई

ओंजळ, मी याच कामात आहे, गेली चौदा वर्षं. तुमच्या आईंचं ते वाक्य मी माझ्या विद्यार्थिनींना वाचून दाखवणार आहे. सीओपीडीचं मूळ दुखणं हवा आत न जाण्याचं नाहीच, ती बाहेर न पडण्याचं आहे.

निरोगी माणसाचं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला स्नायू, घुमटासारखं असतं. श्वास घेताना घुमट खाली उतरतो, पोट पुढे येतं. सीओपीडीत बारीक श्वासनलिका श्वास सोडताना वेळेआधीच मिटतात आणि मागे हवा कोंडते. त्या कोंडलेल्या हवेच्या वर पुढचा श्वास घ्यावा लागतो. चालताना श्वास भरभर होतो, सोडायला वेळ आणखी कमी मिळतो, म्हणून हवा आणखी साठते. वर्षानुवर्षं असं झालं की छाती पिंपासारखी होते, फासळ्या आडव्या होतात आणि घुमट सपाट होतो. सपाट झालेल्या स्नायूला आखडायला वावच उरत नाही. मग मान आणि खांदे ते काम अंगावर घेतात. आईंच्या मानेकडे बघा, श्वास घेताना दोन्ही बाजूंच्या शिरा-दोऱ्या ताठ होतात ना? साडी नेसताना त्रास होतो तो यामुळेच. हात वर गेले की मानेच्या त्याच स्नायूंना दोन कामं पडतात.

आता टेप. ही १९७०च्या दशकात केन्झो कासे या जपानी कायरोप्रॅक्टरने (मणके-सांध्यांवर हाताने उपचार करणाऱ्याने) आणली. सुती कापड, त्यात लवचिक धागा, मागे ॲक्रिलिकचा गोंद. तो अंगाच्या उबेने घट्ट बसतो, म्हणून वरून चोळायचं. औषध त्यात अजिबात नसतं. दहा सेंटिमीटरचा तुकडा साधारण चौदापर्यंत ताणतो, म्हणजे कातडीसारखाच थोडाफार. जगाने ती पाहिली २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये, बीच व्हॉलीबॉलच्या केरी वॉल्शच्या खांद्यावर.

फुप्फुसाच्या रुग्णांत ती दोन वेगळ्या विचारांनी लावतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला विचार म्हणजे श्वासपटलाच्या रेषेवर आणि मानेवर हलक्या ताणाने लावायची. कातडीला सतत स्पर्श राहतो, रुग्णाला तिथल्या हालचालीची जाण येते, खांदे उचलून श्वास घेण्याची सवय थोडी सुटते. दुसरा विचार वेगळा आहे. छाती आणि पोट दोन्हींवर टेप अशी लावायची की श्वास सोडताना तिचं आकसणं कामी यावं आणि वरची फुगलेली छाती जरा आत राहावी. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. धाप आणि व्यायामाची सहनशक्ती, दोन्हींत फरक दिसल्याचं त्यांनी नोंदवलं.

तुमच्या आईंना लावलीये ती पहिल्या प्रकारची दिसते.

माझा अनुभव विचाराल तर काही जणांना त्याच दिवशी हलकं वाटतं, काहींना ढिम्म फरक पडत नाही. लावायच्या आधी कुणाला वाटेल ते मला आजही सांगता येत नाही. स्पायरोमेट्रीचा आकडा टेपने वर जाईल ही अपेक्षा ठेवू नका. अरुंद झालेल्या नळ्या आत आहेत, टेप कातडीवर आहे.

घरी लावायचं म्हणाल तर निदान तीन वेळा आमच्यासमोर लावून बघा, मग घरी. तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. मधे एक-दोन दिवस कातडी मोकळी ठेवा.

वारणाकाठ

ताई, कातडीबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. हे वाचून कुणाच्या घरी टळलं तरी पुरे.

माझे वडील ७४ वर्षांचे. मागच्या वर्षी धाप वाढली म्हणून दोन-अडीच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालल्या. मधुमेह आहेच. ओळखीतल्या एकाने सांगितलं म्हणून आम्ही एका ठिकाणी टेप लावून घेतली. कातडी कशी आहे, गोळ्या कुठल्या चालू आहेत, कुणी विचारलं नाही. पाचव्या दिवशी काढायला गेलो तर तिथल्या माणसाने एक टोक धरलं आणि पट्टी फाडतात तशी झटक्यात ओढली. टेपबरोबर चार बोटं कातडी आली. वडील ओरडले नाहीत, नुसते माझ्या मनगटाला धरून बसले. जखम भरायला तीन आठवडे लागले. त्या काळात व्यायाम बंद, झोप बंद. मिळवलं त्याच्या दुप्पट गेलं.

ज्यांच्या हातावर जरा धक्का लागला की जांभळे डाग उमटतात, त्यांनी टेपच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

फिजिओताई

वारणाकाठ, वाचून फार वाईट वाटलं. तुमचं मत बरोबर आहे. स्टेरॉइडने कातडी कागदासारखी पातळ होते, आणि सीओपीडीच्या पुष्कळ रुग्णांना कधी ना कधी त्या गोळ्या मिळालेल्या असतात. खेळाडूवर शिकलेला माणूस हे विसरतो.

मी काय करते ते सांगते. आधी पोटावर दोन बोटांएवढा तुकडा लावून एक दिवस ठेवते. लाली, खाज, पुरळ आलं तर तिथेच थांबायचं. काढताना खोबरेल तेल टेपवरून चोळून दहा मिनिटं मुरू द्यायचं. मग टेप वर ओढायची नाही. एका हाताने टेपचं टोक मागे दुमडून धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कातडी हळूहळू टेपपासून खाली दाबत सोडवायची, केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने. घाईच्या दिवशी हे काम काढूच नये.

उघडी जखम, पुरळ, कातडीचा संसर्ग असेल, कर्करोगाची गाठ असलेली जागा असेल, किंवा एकच पाय अचानक सुजून दुखत असेल तर टेप लावायची नाही. पाय सुजलाय तो तर लगेच डॉक्टरांना दाखवायचा, शिरेत गुठळी असू शकते.

आकडेमोड

विषय महत्त्वाचा आहे म्हणून थोडं परखड लिहितो, राग मानू नये.

ब्राझीलचा तो अभ्यास लठ्ठ नसलेल्या पुरुषांवर झालेला आहे. ओंजळच्या आई त्यात बसतच नाहीत. टेपवरचे बाकीचे अभ्यासही लहान आहेत, प्रत्येकाची लावायची पद्धत निराळी, आणि मोजणी बहुतेक ठिकाणी लगेच किंवा थोड्या दिवसांत केलेली. दुसरी अडचण म्हणजे गोळी खोटी देता येते, पण छातीवर टेप आहे हे रुग्णाला कळतंच. ताण न देता लावलेली खोटी टेपसुद्धा कातडीला स्पर्श करतेच. त्यामुळे नक्की कशाने बरं वाटलं हे वेगळं काढणं कठीण.

याच्या शेजारी पल्मनरी रिहॅबिलिटेशन ठेवा. म्हणजे देखरेखीखाली सहा ते बारा आठवडे चालणं, पायांचे-हातांचे व्यायाम, श्वासाचं तंत्र, आजाराची माहिती. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५च्या आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्ण होते. सहा मिनिटांच्या चालण्यात सरासरी ४४ मीटरची वाढ. तीसेक मीटर वाढले तरी रुग्णाला फरक जाणवतो असं धरतात. आपल्याकडे २०१६ मध्ये सीओपीडीचे अंदाजे ५ कोटी ५३ लाख रुग्ण होते, १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख. यातल्या किती जणांना कुणी रिहॅब हा शब्द तरी सांगितला असेल? मला काळजी टेपची नाही. टेप लावली म्हणजे उपचार झाला असं वाटून चालणं राहून जाईल, याची आहे.

ओंजळ, शक्य असेल तर वही घाला. टेपचे दिवस आणि बिनटेपचे दिवस, वेळ तीच, पंप घेतल्यावर तेवढ्याच मिनिटांनी, रस्ता तोच. धाप ० ते १० मध्ये आईंनीच सांगायची. एका दिवसाच्या गेटवरून काही ठरवू नका.

जुना_दमेकरी

मी स्वतः रुग्ण आहे, वय ७३. लालबागला गिरणीत कार्डिंग (कापूस पिंजायच्या) खात्यात होतो. कापसाची तूस नाकातोंडात. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी कामावर गेल्या गेल्या छाती आवळायची, मंगळवारी जरा कमी. आम्हाला वाटायचं सुट्टीच्या आळसाने होतं. त्याला बिसिनोसिस म्हणतात हे गिरणी संपानंतर खूप वर्षांनी कळलं. वर विड्या होत्याच, त्या माझ्या मी ओढल्या, ५४व्या वर्षी सोडल्या.

टेप मी सात-आठ वेळा लावून घेतली आहे. आतून कसं वाटतं ते सांगतो, कारण ते आकड्यात येत नाही. श्वास सुटला असं नाही वाटत. पण धाप लागली की माणूस घाबरतो आणि घाबरला की खांदे कानाला लागतात. टेप असली की खांदे वर गेले की मानेजवळ ओढ बसते आणि आठवण होते. खांदे सोडले की भीतीही थोडी सुटते. माझ्यासाठी तिचा उपयोग एवढाच, आणि तो मला कमी वाटत नाही. ज्याला रात्री दोन वाजता श्वास पुरत नाही त्याला भीती थोडी कमी होणं म्हणजे काय ते ठाऊक आहे.

मे महिन्यात मात्र लावू नये. घामाने कडा सुटतात, खाज येते, आणि मुंबईच्या दमट हवेत आधीच जीव नकोसा झालेला असतो.

आईंना एक सांगा. गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठांचा चंबू करून श्वास सोडायचा, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. नळ्या मिटायच्या आत हवा निघते. हे मला टेपच्या आधी कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

थेम्सतीर

मी इंग्लंडमध्ये श्वसनविकारांच्या विभागात परिचारिका आहे. इकडे रिहॅब साधारण सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, गटाने. टेप आमच्या नेहमीच्या उपचारात नाही. हातात धरायचा छोटा पंखा मात्र आम्ही बहुतेकांना देतो. नाका-गालावर गार वारा आला की धापेची जाणीव उतरते, याला चांगला आधार आहे. ऑक्सिजन तेवढाच राहतो, पण माणसाला सुटल्यासारखं होतं. कदाचित टेपचा स्पर्शही असंच काही करत असेल. पंख्याने कातडी मात्र निघत नाही.

चाकांचा वॉकरही सुचवेन. हात टेकून पुढे झुकलं की मानेचे स्नायू श्वासाला मोकळे मिळतात. आपल्याकडे म्हातारी माणसं वॉकरला लाजतात. माझ्या सासूबाईंना बाजाराची पिशवी अडकवायला म्हणून दिला, मग घेतला.

रानजाई

ओंजळ, माझ्या आईचीही हीच कथा, फक्त गाव परभणीकडचं आणि चुलीत पऱ्हाट्या. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की धूम्रपान न करणाऱ्यांतही सीओपीडी केवढा आहे, आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा केवढा. तरी आजही बाई विडी ओढत नाही म्हटलं की फुंकायची टेस्ट करायचं कुणाच्या मनात येत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. सासऱ्यांना कोविडनंतर फुप्फुसाचा फायब्रोसिस आहे. त्यांना ही टेप चालेल का?

फिजिओताई

रानजाई, फायब्रोसिस उलट्या बाजूचं दुखणं आहे. तिथे फुप्फुस ताठ आणि आकसलेलं असतं, हवा आत घ्यायलाच जोर लागतो. श्वास सोडायला मदत म्हणून छाती-पोटावर ताणून लावायची जी पद्धत आहे ती त्यांना नको. मानेवर हलकी टेप लावून आराम वाटला तर हरकत नाही, पण मी स्वतः त्या रुग्णांत टेपच्या मागे लागत नाही. त्यांच्या बाबतीत ऑक्सिमीटर जवळ ठेवा. बसल्यावर ९५ दिसतो आणि वीस पावलं चालले की ८४ वर उतरतो, असं फायब्रोसिसमध्ये पुष्कळदा होतं. चालताना बोटाला लावून बघा आणि तो आकडा छातीच्या डॉक्टरांना सांगा.

आकडेमोड, तुमचं बरंचसं पटलं. एवढंच म्हणेन की माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक चालायच्या भीतीने खिळलेले असतात. धाप लागते म्हणून चालत नाहीत, चालत नाहीत म्हणून पायांचे स्नायू वाळतात, आणि वाळलेल्या पायांना तेवढ्याच अंतराला जास्त हवा लागते. टेपमुळे कुणी पहिल्या दिवशी गेटपर्यंत गेलं तर मी तो दिवस पकडते आणि दुसऱ्या दिवशी चालण्याचं वेळापत्रक हातात देते. टेप नंतर सुटली तरी चालेल.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. वारणाकाठ, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्यांना इचार, आता बरं हाय का." जरूर कळवा.

वही घातली आहे. आमच्या मजल्यावरचा पॅसेज १२ मीटरचा भरला, दोन्ही टोकांना खडूने रेघ मारली. चालायची चाचणी खरं तर ३० मीटरच्या सरळ पट्ट्यात घेतात, इथे वळणं जास्त म्हणून आकडा कमीच येणार, पण आमची तुलना याच पॅसेजशी आहे. पहिल्यांदा फिजिओच्या देखरेखीखाली घेतली. सहा मिनिटांत २०४ मीटर, दोनदा थांबून. धाप सहा.

आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि मला स्वतःचा फार राग आला. फिजिओने सहज आईला पंप घेऊन दाखवा म्हटलं. आई पंप दाबायची आणि नंतर श्वास घ्यायची. औषध सगळं जिभेवर. दोन वर्षं मी रोज डोळ्यांसमोर बघत होते आणि मला कळलं नाही. आता स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, आधी श्वास पूर्ण सोडून, मग दाबून सावकाश घ्यायचा आणि तो रोखून मनात दहा मोजायचे, अशी घडी बसवली आहे. ज्यांच्या घरी पंप आहे त्यांनी आज घरच्यांना घेऊन दाखवायला सांगा.

आकडेमोड

पंपाचं लिहिलंत हे फार बरं केलंत. पण मग वहीत त्या तारखेला ठळक रेघ मारा. यापुढची सुधारणा पंपाची, चालण्याची की टेपची, हे वेगळं करणं अवघड होणार. टेप-बिनटेप दिवसांची तुलना त्या रेघेनंतरच्या दिवसांतच करा.

वारणाकाठ

आईंना नमस्कार सांगा. वडील आता बरे आहेत, जखमेचा नुसता पांढरा डाग राहिलाय. छोटा पंखा आणला, उशाशी ठेवतात. वॉकरला अजून तयार नाहीत. थेम्सतीर, पिशवीची युक्ती करून बघतो.

ओंजळ

दोन महिन्यांनी धागा वर काढते आहे, कारण अर्ध्यावर सोडलेला धागा मला वाचतानाही आवडत नाही.

आठ आठवडे झाले. आठवड्यातून दोनदा फिजिओकडे, बाकीचे दिवस पॅसेजमध्ये. त्याच १२ मीटरमध्ये आता सहा मिनिटांत २५८ मीटर, एकदा थांबून. आंघोळीनंतर एकदाच बसते, तेही पाटावर बसून केस पुसते तेव्हा.

वहीतून टेपबद्दल जे निघालं ते असं. रेघेनंतरचे ११ दिवस टेपचे आणि १४ बिनटेपचे. अंतरात फरक जवळजवळ नाही. धाप मात्र टेपच्या दिवशी तिने बहुतेक वेळा तीन-चार सांगितली, बिनटेपच्या दिवशी चार-पाच. आकडेमोड, हा पुरावा नव्हे हे मलाही कळतं, तिला टेप दिसत होती. पण धाप तिला लागते, आकडाही तिनेच सांगायचा. सहाव्या आठवड्यात उजव्या फासळीखाली कातडी लाल झाली, तेव्हा टेप थांबवली. तेल लावून सोडवायला मला वीस मिनिटं लागली. कातडी शाबूत राहिली. त्यानंतर तिने टेप मागितली नाही आणि मीही विषय काढला नाही. अर्धा रोल कपाटात आहे.

मागच्या आठवड्यात गावाला घेऊन गेले होते. घरी गॅस येऊन सहा वर्षं झाली, पण आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं, कारण सगळ्यांच्या पाण्याला सिलिंडर पुरत नाही. पहाटे तिच्या खोलीत धूर भरला आणि पुन्हा खोकला सुरू झाला. एका दिवसात महिन्याची मेहनत जाते की काय असं मला झालं. भावाशी बोलले. न्हाणीमागची चूल अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात हलवली, आणि तिच्या खोलीची त्या बाजूची खिडकी पाणी तापेपर्यंत बंद ठेवायची असं ठरलं. सोलरचा बंब दिवाळीपर्यंत बसवू म्हणतोय. मी मागे लागणार आहे.

परवा परत आलो तेव्हा लिफ्ट बंद होती. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. मी शेजाऱ्यांकडून खुर्ची आणायला निघाले तर तिने नको म्हणून हात केला. पहिल्या वळणावर कठड्याला हात टेकून पुढे झुकून उभी राहिली, ओठांचा चंबू केला आणि सावकाश फुंकत राहिली. मी विचारलं, जमेल का? तिने बोट वर करून मला गप्प केलं, श्वास पूर्ण सोडला आणि म्हणाली, "थांब. आधी आतली भाईर जाऊ दे, मग चढू."

चार टप्प्यांत चढली. वर आल्यावर ऑक्सिमीटर ९१ होता, पाच मिनिटांत ९४.

जुना_दमेकरी

आईंना सांगा, लालबागचा एक दमेकरी पण असाच चढतो. एकेका वळणावर थांबून.

रानजाई

ओंजळ, सोलरच्या बंबाला खर्च किती येतोय ते भावाला विचारून इथे लिहाल का? आमच्याकडेही पाणी अजून चुलीवरच तापतं.